कान सोबत घ्या, आपण मूलला निघालोय

खिशातला फोन इथंच ठेवा. जिथं चाललोय तिथं त्याचा उपयोग नाही, आणि तुम्हाला दोन्ही हात मोकळे लागणार आहेत. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात, धानाच्या बांध्या आणि सागवान-बांबूच्या जंगलाच्या मधोमध मूल नावाचं गाव आहे. तिथं आपण गाणी ऐकायला चाललोय. हे ऐकणं बसल्या जागी होत नाही, त्याला अंग लागतं. कुणाला चावी फिरवावी लागते, कुणाला बांबूला लोंबकळावं लागतं, कुणाला जमिनीत पाणी ओतावं लागतं. तुमच्या वाट्याला काय येईल ते तिथं पोचल्यावर कळेल.

डोळे मिटा. कोळशाचा धूर येतोय ना? ही नागभीडहून चांदा फोर्टकडं जाणारी छोटी गाडी. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, डोळ्यात कणी जाते. गेलीच? चोळू नका, पापणी उचलून धरा, आपोआप निघेल. समोरच्या आजीबाई पदराच्या टोकाला फुंकर मारून तुमच्या डोळ्याला लावायला पुढं सरसावल्यात, लावू द्या त्यांना.

मूल-मारोडा स्टेशन. साल 1937, वैशाख. उतरल्या उतरल्या चपलेच्या तळव्यातून ऊन वर येतं. हवेत मोहाचा वास आहे, गोड आणि किंचित आंबूस. सकाळी वेचून आणलेली फुलं प्रत्येक अंगणात वाळत पडलीत. गावात शिरेपर्यंत तुमचा सदरा पाठीला चिकटतो. काळजी नको, दिवस मावळला की मालगुजाराच्या वाड्याच्या अंगणात पाणी शिंपतात. त्या ओल्या मातीवर बसायला जागा मिळवा. लवकर, कारण आज 'पेटी गाते' ही बातमी आसपासच्या खेड्यांत पोचली आहे.

बसण्याचा एक क्रम आहे, तो तुमच्या लगेच लक्षात येईल. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर वाड्यातले आणि पाहुणे. पायऱ्यांवर गावचे प्रतिष्ठित. अंगणात आपण. आणि कुडाच्या पलीकडं, रस्त्यावर, काही माणसं उभी आहेत ज्यांना आत बोलावलेलं नाही आणि बोलावणारही नाहीत. दिवसभर याच वाड्याच्या बांध्यांत राबलेली ती माणसं. सूर कुडावरून त्यांच्यापर्यंत जातो, तो कुणाला अडवता येत नाही. पण उभ्या उभ्या ऐकणं आणि बसून ऐकणं यातलं अंतर त्या संध्याकाळी तुम्हाला पायांनी समजतं.

आता पेटी बघा, ग्रामोफोनची. बाजूला चावी. ती फिरवायला एक पोरगा नेमलाय आणि त्याच्या चेहऱ्यावर आज राज्याभिषेक झाल्याची कळा आहे. काळी तबकडी चढते, सुईच्या डबीतून नवी सुई काढून बसवतात, कारण जुन्या सुईनं तबकडी खरवडते. खरखर सुरू होते. अंगण गप्प. मग बालगंधर्वांचं पद. कानात शिरण्याआधी ते तुमच्या मांडीवरल्या केसांत शिरतं. जेमतेम तीन मिनिटं, की एक बाजू संपली. मध्येच चावी उतरते, आवाज जड होत होत पाताळात जायला लागतो आणि सगळं अंगण एकदम ओरडतं, "अरे पोट्ट्या, चावी!" पोरगा झटके देत फिरवतो आणि गंधर्व पुन्हा वर येतात.

कार्यक्रम संपल्यावर धीर करून ओसरीजवळ जा आणि तबकडी हातात घ्यायची परवानगी मागा. जड आहे. पडली तर कौलासारखी फुटेल. नखानं कडेला हलकेच टोका. हिच्यात दगडाची पूड आहे, काजळी आहे आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी लाख आहे. तीच लाख, जी या भागातल्या पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे तयार करतात. दुपारी वाटेत ती तुम्ही पाहिली होती, फांदीवर खवल्यांसारखी चढलेली. बायका कोयत्यानं खरवडून टोपलीत टाकत होत्या. देशभरच्या जंगलांतली अशी लाख शिजून, गाळून, पत्रे होऊन व्यापाऱ्यांच्या हातून जगभर जाते. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या तबकड्या तिच्यातूनच दाबून निघतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. झाडीतून निघालेली वस्तू गंधर्वांचा आवाज अंगावर कोरून घेऊन पुन्हा झाडीत येते, आणि फांदी खरवडणारी बाई तेव्हा कुडाबाहेर उभी असते.

चला, हात द्या. तेवीस वर्षं पुढं उडी मारायची आहे.

धपकन उतरलात. पायाखाली आता तणस आहे. 1960 चा डिसेंबर, बुधवार, संध्याकाळचे सात. थंडी कानाच्या पाळ्यांना चावते. खळ्यांवर धानाचे पुंजणे उभे आहेत, मळणी चालू आहे, आणि सगळ्या गावाला नव्या तांदळाचा, कोंढ्याचा आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास येतोय. गळ्याशी खाजतंय? धानाचं कूस गेलंय सदऱ्यात. आता रात्रभर खाजेल.

चौकात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना नुकतीच संपली आहे, खंजिरीवर भजन चाललंय. तुकडोजी महाराजांनी खंजिरी अशी काही या मुलुखाच्या हातात दिली की इथं पाच माणसं जमली तरी एकाच्या पिशवीतून ती निघतेच. तिचा ताल घोट्यापासून वर चढतो. पण आज तरुण पोरांचं लक्ष नाही. एकेक जण हळूच मागं सरकतोय आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलात नाहीसा होतोय. तुम्हीही सरका.

हॉटेल म्हणजे कुडाच्या तीन भिंती, कौलं, दोन बाकडी आणि एक भट्टी. आलूबोंड्याचं तेल तापलंय. बिडीच्या धुरानं कंदिलाभोवती निळं कडं पडलंय; तेंदूच्या पानाचा हा धूर डोळ्यांना झोंबतो, घशात गोड लागतो. आत चाळीसेक माणसं. फळीवर, लाल कपड्याखाली, रेडिओ. मालक तो कपडा आठ वाजायला पाच मिनिटं असतानाच काढणार. कंजूष म्हणून नाही. आत विटेएवढी जड कोरडी बॅटरी आहे, ती मोठ्या शहरातून मागवावी लागते आणि संपली की हॉटेल मुकं होतं. शिवाय पोस्टात दर वर्षी लायसनचे पैसे भरायचे, त्या पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. रेडिओ बाळगणं ही सरकारदरबारी नोंद असलेली गोष्ट आहे.

"ओ पावने, तुमी उंच हाये. चला बाहेर."

बघा, तुमचं काम निघालं. हॉटेलच्या मागं दोन बांबू रोवलेत, त्यांच्यामध्ये एरियलची जाळीची पट्टी ताणली आहे. वाऱ्यानं ती सैल झालीय. बांबू धरून उभं राहा आणि आतून सांगतील तसा तो वाकवा. दुसरा एक पोरगा लोटा घेऊन बसलाय. अर्थची तार जमिनीत जिथं पुरली आहे तिथं तो पाणी ओततो. कोरड्या जमिनीत आवाज बसतो असं इथं प्रत्येकाला ठाऊक आहे.

आतून शिट्ट्या, करकर, कुठल्यातरी परक्या भाषेतली बाई, पुन्हा शिट्टी. "थोडा डावीकडं!" तुम्ही वाकता. "अजून!" बोटं गारठलीत, बांबूच्या कुसळानं तळवा सोलला. "हां! हालू नोको आता!"

आणि तो आवाज येतो. 'बहनो और भाइयो.' बिनाका गीतमालेचे अमीन सयानी. तुमच्या अंगावर काटा येतो तो थंडीचा नव्हे.

बांबू धरूनच ऐका, मी सांगतो हा आवाज कुठून आलाय. मुंबईत सयानी बोलतात, ते टेपवर भरतं, टेप विमानानं कोलंबोला जाते, आणि तिथून रेडिओ सिलोन ती आकाशात सोडतं. शॉर्टवेव्हची लाट वरच्या थरावर आपटते आणि खाली येते, म्हणून मधले डोंगर, जंगल, नद्या तिला काही करू शकत नाहीत. नकाशावर मूलमधून सरळ दक्षिणेला रेघ ओढली तर ती जवळपास कोलंबोलाच टेकते. साडेचौदाशे किलोमीटर, नाकासमोर. मुंबई याहून कितीतरी जवळ आहे, पण मुंबईचा माणूस मूलला ऐकायचा तर तो लंकेवरून येतो. हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळपास बंद केली होती. 3 डिसेंबर 1952 ला पहिली बिनाका गीतमाला लागली आणि त्या एका कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली. 1957 ला विविध भारती सुरू झाली, तिनं सकाळ-दुपार जिंकली, पण बुधवारची रात्र सिलोनचीच राहिली. सरकारनं गाणी थांबवल्यामुळं लोक सुसंस्कृत झाले की नाही, कोण जाणे. लोक एकत्र मात्र आले, कारण बॅटरीचा रेडिओ गावात एखादाच होता आणि ऐकायचं सगळ्यांनाच होतं.

तुमची जागा आता दुसऱ्या कुणी घेतलीय, आत या. भट्टीजवळ सरका, हात शेका. बाकड्याच्या टोकाला चार पोरं वह्या उघडून बसलीत, त्यांच्याकडं बघा. गाणं एकदाच लागतं, परत मागे नेता येत नाही. म्हणून त्यांनी वाटणी केली आहे: मुखडा एकानं लिहायचा, पहिला अंतरा दुसऱ्यानं, दुसरा तिसऱ्यानं. चौथा काहीच लिहीत नाही. तो डोळे मिटून गुडघ्यावर बोटं नाचवतोय. तो बाजाची पेटी शिकतोय. त्याला शब्द नकोत, त्याला फक्त चाल हवी. लक्षात ठेवा त्याला.

वर्षअखेरचे दिवस आहेत, त्यामुळं भांडणं जोरात आहेत. 'बरसात की रात' की 'मुगल-ए-आझम'? आलूबोंड्याची पैज लागते. पायदान, म्हणजे गाण्यांच्या क्रमवारीतली पायरी, एक-एक करत वर चढतं. सूर मध्येच विरतो, लाट ओसरावी तसा, आणि चाळीस माणसं श्वास धरून पुढं झुकतात. नेमक्या त्याच वेळी एखादा बोलला तर त्याच्या डोक्यात टपली बसते. मग आवाज परततो आणि मधल्या हरवलेल्या दोन ओळी लिहिणारा पोरगा कपाळ बडवून घेतो. त्या ओळी पुढच्या बुधवारी.

नऊ वाजता लाल कपडा पडतो. कुणीही लगेच उठत नाही. श्रोता संघाचा म्हणून एक जण पाच नव्या पैशांचं पोस्टकार्ड काढतो आणि मुंबईच्या पत्त्यावर पसंती लिहायला घेतो. खाली पत्ता, मोठ्या अक्षरात: मूल, जिल्हा चांदा. आपल्या गावाचं नाव त्या आवाजात ऐकायला मिळावं म्हणून ही माणसं किती कार्डं लिहितील याचा हिशेब कुठं नाही.

मधला काळ धावत बघू. तो भोंगा पाहा, कडुलिंबावर बांधलेला. लग्न असो वा जयंती, आता गाणं सगळ्या गावाला ऐकू जातं. थोडं मागं जाऊ: 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. आसपासच्या गावांतून माणसं भाकरी बांधून, चालत तिथं गेली. त्यानंतर दर एप्रिलला भोंग्यातून भीमगीतं उठतात, कव्वालीचे मुकाबले रात्रभर चालतात. वाड्याच्या कुडाबाहेर उभी असलेली ती माणसं आठवतात? त्यांची नातवंडं आता भोंग्याखाली सगळ्यांत पुढं बसलीत, माइकही त्यांच्याच हातात आहे, आणि आवाज वाड्यापर्यंत जातोय. या सगळ्या प्रवासातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. मे महिन्यात आलात तर जवळच्या सोमनाथला बाबा आमट्यांच्या छावणीत दूरदूरची पोरंपोरी कुदळ-फावडी घेऊन उन्हात घाम गाळताना आणि रात्री कोरसमध्ये गाताना दिसतील. थांबायला वेळ नाही. आभाळ भरून आलंय.

आता खरंच चपला काढा. धोतर, पॅंट, लुगडं, जे असेल ते गुडघ्याच्या वर. 1970 च्या दशकातला आषाढ आहे आणि तुम्ही रोवणीच्या बांधीत उभे आहात. चिखल पोटरीपर्यंत, वरून कोमट, खाली गार. पऱ्ह्याची पेंढी डाव्या हातात, उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप चिखलात खुपसायचं आणि मागं सरकायचं. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागेल. पाऊस पाठीवर. बेडूक. बैलांच्या अंगाचा ओला वास. मांडीला काहीतरी चिकटलंय? जळू आहे. घाबरू नका, शेजारची बाई चुन्याचं बोट लावेल.

धुऱ्यावर पळसाची काठी रोवली आहे, तिला छत्री बांधली आहे, आणि छत्रीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ट्रान्झिस्टर. हॉटेलातल्या त्या फळीवरून रेडिओ असा खाली उतरून शेतात आलाय. मुलाच्या लग्नात मिळालाय. सायकल, घड्याळ आणि ट्रान्झिस्टर या तीन गोष्टींशिवाय नवरदेव मांडवात हसत नाही. शॉर्टवेव्हवर विविध भारती, मीडियम वेव्हवर नागपूर. सकाळी आठच्या आत सैगल ऐकायचा असेल तर अजून सिलोन आहेच. जुन्या गाण्यांचा तो कार्यक्रम रोज सैगलच्या गाण्यानंच संपतो आणि म्हातारी माणसं त्यावर घड्याळ लावतात.

"कोन्तं गानं लागलं वो?" पलीकडच्या बांधीतून हाक येते.

"लताचं!"

"मग वाढव ना आवाज, बाई!"

आवाज वाढवायला धुऱ्यापर्यंत जावं लागतं. जाणाराची रोवणीची ओळ मागं पडते, म्हणून आळीपाळी आहे. फर्माइशीची नावं सुरू झाली की हात मंदावतात. झुमरी तलैयाहून अमुक, तमुक, त्यांचे सगळे मित्र. इतकी लांबलचक यादी गाण्याआधी का वाचतात, असं तुम्हाला वाटेल. इथल्या बायकांना विचारा. त्यांना ती यादी गाण्याइतकीच आवडते. आपल्याला हवंय तेच गाणं, न पाहिलेल्या गावातल्या कुणालाही हवंय, हे त्यांना चिखलात उभ्या उभ्या कळतं.

आता आवाज घोगरा होतोय. सेल उतरले. आज ऊन नाही, नाहीतर काढून धुऱ्यावर तापत ठेवले असते. तापलेला सेल आणखी दोन गाणी देतो. ट्रान्झिस्टर बंद. क्षणभर फक्त पाऊस, आणि मग ओळीच्या टोकाला असलेली थोराड बाई स्वतःच सूर लावते. रोवणीचं गाणं, सासुरवाशिणीचं, एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. मघाशी रेडिओवर जी चाल होती तिचा एक तुकडा या गाण्याच्या धृपदात हळूच येऊन बसलाय, ऐकू आला? कुणी ठरवून नाही घातला. बारा-पंधरा गळ्यांतून फिरताना तो आपसूक मिसळला. तुमचाही पाय आता त्याच तालावर मागं पडतोय, आणि कंबर दुखायची थांबलीय. म्हणा तुम्हीही. शब्द नाही आले तरी चालतील, शेवटचा हेल धरला की पुरे.

हातपाय धुवा. शेवटचा मुक्काम रात्रीचा आहे, नाटकाचा.

1983 ची दिवाळी नुकतीच झालीय. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन वर्ष उलटलंय, पण नाटकाला जिल्ह्याची हद्द नसते. मूलपासून जवळच्याच एका खेड्यात आज मंडई, म्हणजे जत्रा आहे. दिवसा शंकरपट झाला, बैलांच्या खुरांची धूळ अजून हवेत तरंगतेय. रेंग्या आणि छकडे मोकळ्या रानात सुटलेत, बैल कडबा चघळतायत. जिलेबीचा पाक, पेट्रोमॅक्सचा सूं आवाज, जनरेटरची धडधड, फुगेवाल्याची पिपाणी, आणि सगळ्यांच्या वर भोंगा: आज रात्री, वडसा येथील नामांकित कलावंतांच्या संचात, तीन अंकी, संगीत! 'संगीत' या शब्दावर तो माणूस जो जोर देतो त्यानंच अर्धी तिकिटं खपतात.

तिकीट काढा आणि आत उतरा. उतराच म्हणतोय, कारण बसायची जागा खणून खोलगट केलीय, निघालेल्या मातीचा रंगमंच. गोणपाट आणलंय ना? नसेल तर शेजाऱ्याच्या घोंगडीचं टोक मागा, देतात. आजूबाजूला दोन-अडीच हजार माणसं. आया पोरांना झोपवतायत, ती झोपत नाहीत. पाठीला कुणाचे तरी गुडघे टेकलेत, तुमचे गुडघे पुढच्याच्या पाठीला. रात्रीचे अकरा वाजून गेल्यावर पडदा उठतो. पहाटेपर्यंत आता सुटका नाही, आणि नकोच आहे.

ही झाडीपट्टीची, या जंगल-धानाच्या मुलुखाची रंगभूमी. पुण्या-मुंबईत टीव्ही आणि व्हिडिओनं थिएटरं रिकामी होत होती तेव्हाही इथं दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्री भरलेल्या असत. याच मातीतल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. इथल्या माणसाला त्यात नवल नव्हतं, उशिराचं समाधान होतं.

रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात बघा. पेटीवर बसलेला तो माणूस, कानावर मफलर, केस पिकायला लागलेले. ओळखलंत? हॉटेलातला चौथा पोरगा. गुडघ्यावर नाचणारी ती बोटं आता पट्ट्यांवर आहेत. इतक्या बुधवारच्या रात्रींची सगळी पायदानं त्याच्या बोटांत उतरलीत, आणि त्यांच्याखाली कुठंतरी खंजिरीचा ठेका आहे, आईच्या रोवणीच्या गाण्याचा हेल आहे. नायिका दुःखात बुडाली की तो गंधर्वांच्या वळणानं आळवतो. खलनायकानं एंट्री घेतली की सिनेमातला तुकडा टाकतो. गाडीवाटेनं आलेल्या माणसांना यातलं काय कुठून आलं ते विचारायचं कारण नाही, ते सगळं त्यांचंच आहे.

दुसऱ्या अंकात, रात्री दोनच्या सुमाराला, जेव्हा थंडी हाडात शिरते आणि मागच्या रांगा पेंगायला लागतात, तेव्हा तो पेटीचा भाता जोरात दाबतो. तबला उचलतो. नायिका पुढं येते आणि असं गाणं उचलते की झोपलेली पोरं उठून बसतात. शेवटच्या सुरावर अख्खा खड्डा उसळतो. नाणी रंगमंचावर पडतात, एक तुमच्या मांडीवर. उचलून पुढं फेका. म्हाताऱ्या बाया चुटक्या वाजवतायत. "वन्स मोर!" मागून, डावीकडून, झाडावर चढून बसलेल्या पोरांकडून. तुम्ही गप्प का? इथं नुसतं ऐकून भागत नाही, सांगितलं होतं ना? छाती भरून श्वास घ्या, उभे राहा आणि ओरडा. पेटीवाला हसतोय, मफलर घट्ट करतोय, तबलजीकडं बघून मान हलवतोय. झालं, गाणं पुन्हा सुरू.